खाली कोन आहे

आमच्या वॉटर पार्कच्या कुंपणापलीकडे समुद्र होता. अगदी फुकट, हवा तेवढा. तरीही माणसं बोरिवलीहून, ठाण्याहून गाड्यांमध्ये कोंबून घेऊन यायची, समुद्राकडे पाठ करायची आणि क्लोरिनच्या निळ्या टाकीत उतरण्यासाठी रांग लावायची. कारण टाकीत दर वीस मिनिटांनी मशीन लाटा काढायचं. भिंतीपलीकडे लाटा कुणाला न विचारता येत-जात होत्या, पण त्यांच्याआधी भोंगा वाजत नव्हता आणि नंतर थंड पेय मिळत नव्हतं. त्यामुळे त्यांची किंमत नव्हती.

या थोर संस्थेत मी एक उन्हाळा नोकरी केली. एप्रिल ते जून, बी.कॉम.चं दुसरं वर्ष संपल्यावर. नोकरी मला गुणांवर मिळाली नाही, 'ण'वर मिळाली.

झालं असं, की आदल्या वर्षी कुणीतरी पार्कात येऊन आवाज चढवला होता, की इथे सगळ्या सूचना हिंदीत का. पार्कचे मालक, ज्यांना सगळे शेठ म्हणत, ते जुने इथलेच. त्यांनी ठरवलं, यंदा माईकवर मराठी, आणि तेही अस्सल. मुलाखत घेणारा मॅनेजर मुंबईहून आयात केलेला. त्याने मला एक कागद दिला आणि म्हणाला, "ये जरा वाचून दाखवा. एकदम प्युअर पाहिजे." मी वाचलं. "पाण्यात उतरण्यापूर्वी आपले दागिने, घड्याळ आणि मौल्यवान वस्तू काढून ठेवाव्यात." मॅनेजर डोळे मिटून ऐकत होता. ऐकून म्हणाला, "मस्त. पानी वाला लाइन एक बार और."

आमच्या विरारच्या वन बीएचकेमध्ये दागिने बेताचेच होते, पण 'ण' मुबलक होता. आईवडील देशावरचे. इमारतीत कुणी 'लोनी' म्हणालं की आई त्याच्यासमोर मुद्दाम तीनदा 'लोणी' म्हणायची, समोरच्याला कळेपर्यंत. अशा घरात वाढलेल्या मुलीला माईक मिळणं हा आमच्या घराण्याचा सत्कारच होता. वडिलांनी ऑफिसात सांगितलं, की मुलगी निवेदन क्षेत्रात गेली.

निवेदन क्षेत्र म्हणजे एक पत्र्याची केबिन. आत माईक, वॉकीटॉकी, पंखा आणि एक फिरती खुर्ची. सबंध पार्कात नोकरांसाठी असलेली ही एकमेव खुर्ची. बाकी सगळ्यांनी दहा तास उभं राहायचं, कारण मॅनेजरच्या मते बसलेला माणूस पाहुण्यांना आळशी वाटतो. केबिनची खिडकी प्रवेशद्वाराकडे होती, म्हणजे येणाऱ्याला हसरा चेहरा दिसावा. पार्कात काय चाललंय ते माझ्या पाठीमागे चालायचं. पाण्याबद्दल दिवसभर बोलणारी मी एकटी अशी होते, जिला पाणी दिसत नव्हतं.

केबिनच्या मागेच घसरगुंडीचा टॉवर होता. लोखंडी, शहाऐंशी पायऱ्यांचा. वरून एक निळा पाइप वळसे घेत खालच्या टाकीत यायचा. पाइपच्या तोंडाशी, वर, जूचंद्रच्या एक काकी उभ्या असायच्या. पन्नाशीला टेकलेल्या, पार्कचा पिवळा टीशर्ट नऊवारीच्या सवयीने कमरेला खोचलेला. घरच्यांचं पूर्वी मिठागरावर काम होतं, मिठागरं गेली आणि काकी इथे आल्या. नऊ उन्हाळे त्या या टॉवरवर होत्या. रांगेतल्या माणसाला पाइपच्या तोंडाशी बसवायचं, हात छातीवर दुमडायला लावायचे, खालची टाकी मोकळी झाल्याची खात्री करायची आणि म्हणायचं, "जा." दिवसाला शेकडो वेळा. माझी खात्री आहे, की वसई तालुक्यात काकींइतक्या लोकांना कुणी जा म्हटलं नसेल आणि तेही इतक्या प्रेमाने.

काकींचे दोन्ही गुडघे गेले होते. त्या सकाळी एकदा चढायच्या आणि संध्याकाळी एकदाच उतरायच्या. मधे उतरायला लागू नये म्हणून दुपारभर पाणी प्यायच्या नाहीत. पाण्याच्या पार्कात, मे महिन्यात, पत्र्याच्या छपराखाली. डबा वर न्यायला त्यांनी कठड्याला दोर बांधून एक प्लास्टिकची बादली टांगली होती. दुपारी ती बादली माझ्या केबिनच्या मागच्या दारापाशी खाली यायची, तिच्यात माझ्यासाठी काहीतरी असायचं. तांदळाची भाकरी, सुक्या कोळंबीच्या सोड्यांची चटणी, कधी वालाचं बिरडं. आमच्या घरी सोडे म्हटलं की आई खिडक्या उघडायची. मी केबिनचं दार लावून घेऊन खायचे आणि मग तोंडात बडीशेप टाकून शुद्ध मराठीत बोलायचे.

पहिल्याच आठवड्यात काकींनी वरून विचारलं, "पोरी, तू जूनमदी जानार ना गो?"

मी म्हटलं, कॉलेज सुरू झालं की जाणार.

"मंग ती खुर्ची माजी," काकी म्हणाल्या. "सायेबानी सांगितलाय."

साहेबाने म्हणजे मॅनेजरने खरंच सांगितलं होतं. नायगावच्या डॉक्टरने काकींना बजावलं होतं, की एक तर पायऱ्या बंद नाहीतर काम बंद. काकींनी ते मॅनेजरच्या कानावर घातलं, तेव्हा तो म्हणाला, ही मुलगी गेली की केबिन तुम्हाला, बारा महिने. "बस, लँग्वेज थोडी इम्प्रूव्ह करा." लँग्वेज म्हणजे काय, तर काकी 'पानी' म्हणत. आता मॅनेजरही पानी म्हणत असे. पण त्याचं पानी हिंदी होतं आणि काकींचं खाडीकाठचं. हिंदीतलं पानी चालतं, ते शिकलेलं असतं.

तर काकींना 'ण' शिकवण्याची जबाबदारी माझ्यावर आली. खरं सांगायचं तर मीच ती उडी मारून घेतली. एकोणीस वर्षांच्या मुलीला पन्नाशीच्या बाईची जीभ सरळ करायला मिळणं यापरतं सुख नाही. सकाळी पार्क उघडण्याआधी पंधरा मिनिटं शिकवणी. काकी खुर्चीत बसायच्या, आधी हाताने सीट पुसून, मग दोन्ही हातांवर भार देत सावकाश. बसल्या की पाय लांब करून आधी गुडघे चोळायच्या. शिकवणीला त्या 'ण'साठी येत होत्या की त्या पंधरा मिनिटांच्या बसण्यासाठी, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

"काकी, जीभ वर वळवा. टाळूला लावा. पा-णी."

"पा-नी."

"वळवा."

"वलवली गो. आता आनखी कती वलवू, गिलून टाकू?"

दोन आठवड्यांत मात्र काकींना जमलं. इतकं जमलं, की थांबेना. माझ्या कागदावर जिथे न होता तिथेही त्या ण लावू लागल्या. माईक बंद ठेवून त्या सराव करायच्या, "सावधाण. कृपया लहाण मुलांचा हात सोडू णका." मी हसून टेबलावर डोकं टेकायचे. काकीही हसायच्या, पण लगेच गंभीर होऊन विचारायच्या, "कुठं चुकला ता सांग." कुठे न आणि कुठे ण, याचा नियम मला सांगता येईना. मला तो कधी शिकावाच लागला नव्हता. मी म्हणायचे, "ते कानाला कळतं." काकी त्यावर नुसतं "आसंल" म्हणायच्या. त्यांनी सगळा कागद कुणाकडून तरी मोठ्या अक्षरांत उतरवून घेतला होता आणि प्रत्येक ण भोवती लाल गोल काढला होता. तो कागद घडी करून टीशर्टच्या खिशात असायचा. पाइपच्या तोंडाशी दोन माणसांच्या मधे तो बाहेर निघायचा आणि वरून हळू आवाजात पुटपुट ऐकू यायची. सूचनांचा असा पाठ पार्कच्या इतिहासात कुणी केला नसेल. मी तर वाचूनच म्हणायचे.

मे महिन्याच्या मध्यावर मॅनेजरला सुरक्षिततेचा झटका आला. सगळ्या स्टाफला एका शुक्रवारी सकाळी कॅन्टीनमध्ये बसवून त्याने भिंतीवर चित्रं दाखवली. परदेशातल्या पार्कांत गोरी माणसं नारिंगी प्लास्टिकचे कोन घेऊन उभी होती. येत्या रविवारपासून आपल्याकडेही कोन. टाकीत काही अपघात झाला, कुणी अडकलं, काही फुटलं, की खालच्या माणसाने टाकीच्या काठावर कोन ठेवायचा आणि वॉकीटॉकीवर एवढंच म्हणायचं, 'खाली कोन आहे.' म्हणजे पाहुण्यांना कळणार नाही, घबराट होणार नाही. हे ऐकलं की वरच्याने घसरगुंडी थांबवायची, मशीनवाल्याने लाटा बंद करायच्या, आणि माईकवाल्या मुलीने, म्हणजे मी, सगळ्यांना पाण्याबाहेर काढायचं.

त्या कॅन्टीनमध्ये निम्मी माणसं अशी होती, जी 'कोण'ला 'कोन' म्हणतात. पिढ्यान् पिढ्या म्हणत आली आहेत. त्यातलं कुणीही काही बोललं नाही, कारण साहेबाने चहाबरोबर समोसेही मागवले होते. आणि ज्या एका मुलीला न आणि ण यांतला फरक झोपेतही कळायचा, तिच्याही डोक्यात काही आलं नाही. तिला समोसा आवडला होता.

काकींची एक रीत होती. दुपारी दीडला खालच्या टाकीवरचा माणूस जेवायला जाई आणि दुसरा येई. हा बदल होताना मधे पाच-दहा मिनिटं टाकीवर कधी कुणीच नसे. एक जेवायला गेलेला आणि दुसरा अजून पान लावत असलेला. काकींना वरून टाकीचा काठ दिसत नसे, पाइप आड येई. म्हणून त्या वॉकीटॉकीवर विचारायच्या, "खाली कोन हाय?" खालून एखादा पुरुषी आवाज "हाय, हाय" म्हणाला की मगच पुढच्या माणसाला जा. आवाज आला नाही, तर रांगेतले लोक कितीही ओरडोत, काकी पाइपच्या तोंडाशी आडव्या उभ्या राहायच्या. नऊ वर्षांत त्यांच्या पाइपातून एकाला खरचटलं नव्हतं. ही रीत कुठल्याच चित्रात नव्हती, त्यामुळे तिला सुरक्षितता म्हणत नसत.

महिनाभर रोज दीड वाजता मी तो प्रश्न ऐकत आले होते.

मग तो रविवार आला. पार्क तुडुंब. शेठ त्याच दिवशी आपल्या होणाऱ्या व्याह्यांना पार्क दाखवायला घेऊन आले होते. व्याही पाण्यात उतरायला तयार नव्हते, पण शेठनी आग्रहाने त्यांना पार्कची पिवळी चड्डी घालायला लावून लाटांच्या टाकीत उतरवलं होतं. मी केबिनमध्ये पंख्याच्या झोतात बसून 'खाली कोन आहे' हे वाक्य येण्याची वाट बघत होते. शुक्रवारपासून मला वाटत होतं, की आपल्यावर तीनशे जिवांची जबाबदारी आहे. अपघात व्हावा असं नव्हतं मनात, पण झालाच तर मी तयार होते.

दीड वाजला. वॉकीटॉकी खरखरली. "खाली कोन हाय?"

मी खुर्चीतून उभीच राहिले. आवाज काकींचा होता. काकी वर असतात. खाली कोन असेल तर ते खालचा माणूस सांगेल, वरच्या काकी कशा सांगतील, हा विचार शाळकरी पोराच्याही डोक्यात आला असता. तो प्रश्न होता हे सुरावरूनही कळत होतं. पण कानाला सगळं कळणारी मी, मला कळला फक्त नियम. मी भोंग्याचं बटण दाबलं आणि आयुष्यातली सर्वांत सुंदर सूचना दिली. "कृपया लक्ष द्यावे. सर्व पर्यटकांनी तत्काळ पाण्याबाहेर येऊन वाहनतळाकडे प्रस्थान करावे."

प्रस्थान हा शब्द कागदावर नव्हता. तो माझा.

तीनशे माणसं पाण्यातून निघाली. कंबरेला अडकलेल्या ट्यूबा तशाच घेऊन, डोळ्यांवर पोहण्याचे चष्मे, हातात आपली-परकी मुलं. काहींना प्रस्थान म्हणजे काहीतरी खेळ वाटला आणि ते ओरडत धावले. जीवरक्षकांनी शिट्ट्या फुंकत टाकीत उड्या मारल्या आणि तिथे कुणीच न सापडल्याने एकमेकांनाच बाहेर काढलं. लाटांचं मशीन बंद झालं तेव्हा शेठचे व्याही लाटेच्या मधोमध होते. ते उथळ पाण्यात बसले आणि चड्डी थोडी पुढे गेली. पंधरा मिनिटांनी ते मे महिन्याच्या उन्हात, वाहनतळात, रंगीत छत्रीखाली उभे होते आणि शेठ त्यांची समजूत काढत होते. टॉवरवर काकी पाइपच्या तोंडाशी आडव्या उभ्या राहून वॉकीटॉकीवर पुन्हापुन्हा विचारत होत्या, "आरं पन खाली कोन हाय?" आणि मी प्रत्येक वेळी भोंगा दाबत होते.

सोमवारी सकाळी मॅनेजरच्या केबिनमध्ये चौकशी झाली. तो, मी आणि काकी. काकींना त्याने बसा म्हटलं नाही. मलाही नाही, पण मला उभं राहण्याचा त्रास नव्हता. कुणाची तरी चूक दाखवणं भाग होतं, शेठना लेखी हवं होतं. एक चूक नियम बनवणाऱ्याची होती, पण नियम बनवणाराच चौकशी करत होता. दुसरी चूक माझी होती. हे त्या खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं असं मला आजही वाटतं. मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "तू लिही. शेठना मराठी अच्छं लागतं."

मी लिहिलं. 'संदेश देणाऱ्या कर्मचाऱ्याच्या उच्चारदोषामुळे गैरसमज निर्माण झाला.' वाक्य चांगलं जमलं म्हणून मला लिहितानाच बरं वाटलं होतं, हे मी इथे लपवत नाही.

कागद सहीसाठी काकींपुढे गेला. काकींनी चष्मा लावला आणि बोट ठेवत वाचला. एका शब्दावर बोट थांबलं.

"उच्चारदोष म्हंजे काय गो?"

"म्हणजे बोलण्यातली चूक," मी म्हटलं.

"कोनाची?"

मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिले. मग काकींनी सही केली, पूर्ण नाव लिहून, आणि पेन मला परत देताना म्हणाल्या, "तवा एका पोराला मी पाइपाच्या तोंडाशी बसवला व्हता. त्या घाईत तुजा ण कुठना आनू?" मॅनेजर म्हणाला, इट्स ओके, पण मग केबिनचं आता जमणार नाही, माईकची रिस्क आहे. काकी शहाऐंशी पायऱ्या चढून कामावर गेल्या. त्यांना वर पोहोचायला किती वेळ लागला ते मी केबिनमध्ये बसून ऐकलं. लोखंडी जिना होता, प्रत्येक पाऊल ऐकू यायचं. दोन पावलं आणि थांबणं. दोन पावलं आणि थांबणं.

त्या दिवशी दुपारी बादली आली नाही. मला वाटलं, आता येणारच नाही. मंगळवारी आली. तिच्यात भाकरी आणि वालाचं बिरडं होतं आणि नेहमीसारखाच एक कांदा. त्या कांद्यापायी मला रडू आलं असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

मी काहीच केलं नाही असं नाही. आठवडाभर धीर गोळा करून मी मॅनेजरकडे गेले आणि म्हटलं, सर, ती चूक खरं तर माझी होती. तो मोबाइलमध्ये बघत म्हणाला, "अरे, वो मॅटर क्लोज हो गया." मग वर बघून म्हणाला, "बरं झालं आलीस. तू जायच्या आधी सगळ्या अनाउन्समेंट रेकॉर्ड करून ठेव. बॅकअपसाठी." म्हणजे मी गुन्हा कबूल करायला गेले आणि सत्कार घेऊन परतले. रेकॉर्डिंगच्या दिवशी मी नवा ड्रेस घातला होता. आवाजाला ड्रेस लागत नाही, पण घातला होता. दुपारभरात बावीस सूचना झाल्या. बॅकअप कशाचा, हे मी विचारलं नाही. केबिनमध्ये काकी बसणार नसतील तर कोण बसणार, हेही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर कळलं असतं. शेवटच्या दिवशी मी टॉवरखाली उभी राहून वर हात हलवला. काकींनी बादली हलवली. मी वर गेले नाही. शहाऐंशी पायऱ्या आहेत हो, असं मी घरी आईला सांगितलं.

याला आता आठ वर्षं झाली. मी गोरेगावच्या एका कंपनीत नोकरी करते, तिथे निवेदनाला वाव नाही. गेल्या मे महिन्यात आमच्या विभागाची सहल ठरली, एकमेकांवरचा विश्वास वाढावा म्हणून, आणि विश्वास वाढवण्यासाठी नेमका तोच पार्क निवडला गेला. मी नको म्हणायला पाहिजे होतं. पण गप्प बसण्यात माझा हात धरणारं कुणी नाही.

प्रवेशद्वारातून आत शिरले आणि माझं मीच माझं स्वागत केलं. "पाण्यात उतरण्यापूर्वी आपले दागिने, घड्याळ आणि मौल्यवान वस्तू काढून ठेवाव्यात." एकोणीस वर्षांच्या मुलीचा, भलताच आत्मविश्वास असलेला आवाज. ऑफिसातला एक जण म्हणाला, "हे हल्ली कॉम्प्युटर बनवतो. खरी बाई एवढं शुद्ध थोडीच बोलते." मी म्हटलं, खरंय. केबिन जागेवर होती. खिडकीतून आत पाहिलं, तर पंखा चालू होता आणि खुर्चीवर एक काळा डबा ठेवलेला होता, त्याच्यातून वायर निघून माईकला गेली होती. डब्याला ऊन लागू नये म्हणून खिडकीला पडदाही लावला होता. काकींची खुर्ची कुणी घेतली असं म्हणायला दुसरं कुणी नव्हतंच. ती मी घेतली होती. जाताना घेऊन गेले असते तरी परवडलं असतं, मी तर तिच्यात स्वतःला ठेवून गेले होते.

मग मी टॉवर चढले. पाण्यातून निघालेल्या ओल्या माणसांच्या रांगेत, एकेक पायरी. चाळिसाव्या पायरीला माझ्या तिशी न गाठलेल्या गुडघ्यांनी कुरकुर केली आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या मला मोजाव्याशा वाटल्या नाहीत. वरती पाइपच्या तोंडाशी काकी होत्या. केस पांढरे झालेले, टीशर्ट आता हिरवा. कठड्याला तीच बादली, दोर बदललेला. उभ्या नव्हत्या, फुगवलेल्या ट्यूबवर ट्यूब ठेवून त्यावर टेकल्या होत्या, कुणी साहेब जिना चढत असेल तर पावलांचा आवाज येतोच. रांग पुढे सरकली आणि मी समोर आले. काकींनी चष्मा पुसला नव्हता, उन्हाकडे तोंड होतं.

"कोन?" त्यांनी विचारलं.

"मी, काकी. केबिनवाली."

काकींनी मला नीट पाहून घेतलं. माझा हात धरला आणि मला पाइपच्या तोंडाशी बसवलं, जणू मी कालचीच सुट्टी संपवून आले होते. मी गुडघ्यांचं विचारलं. म्हणाल्या, एक बदलला, दुसऱ्याचा नंबर लागलाय. मी आठ वर्षं मनात घोळवलेलं वाक्य काढलं. "काकी, त्या दिवशी चूक माझी होती. मी बोलायला हवं होतं."

खालून माझाच आवाज आला, की लहान मुलांचा हात सोडू नये. काकींनी तो संपेपर्यंत वाट पाहिली.

"तवा बोलाला पायजे व्हता, तवा तोंड शिवलास," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज रागाचा नव्हता. "नी आता बग. आठ वरसा झाली, गप म्हून बसत नाय."

मागे रांगेतलं कुणीतरी आटपा म्हणालं. काकींनी माझे दोन्ही हात छातीवर दुमडले, वॉकीटॉकीवर नेहमीचा प्रश्न विचारला, खालून "हाय, हाय, टाकी मोकली" आलं, आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"जा आता," काकी म्हणाल्या. "खाली कोन नाय."